नदीपलीकडची शाळा

बुलेला मुली दोन आणि डोक्यावर सरकारंही दोन. तेव्हा आमच्या बेटांवर इंग्रज आणि फ्रेंच दोघे मिळून राज्य करत होते. मिळून म्हणजे नावाला. तुरुंग वेगळे, दवाखाने वेगळे, शाळाही वेगळ्या. पेन्टेकॉस्ट बेटाच्या आमच्या किनाऱ्यावर नदीच्या अलीकडे इंग्रजी शाळा होती, ती प्रोटेस्टंट पाद्र्याची. पलीकडे फ्रेंच शाळा, ती कॅथलिक नन्सची. पोर ज्या शाळेत घालायचं, त्याच शाळेच्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा. भाषा आणि देव एकाच सकाळी ठरून जायचे.

बुले धोरणी माणूस. नकामालात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, कावा हे मुळांचं गुंगीचं पेय पिता पिता तो चारचौघांत म्हणाला, "उद्या यांतलं कोण राहील, कोण जाईल, कुणी बघितलंय? मी एक पोर इकडे टाकतो, एक तिकडे."

"कुठली कुठे?" कुणीतरी विचारलं.

"थोरली धट्टीकट्टी आहे, नदी ओलांडेल. धाकटीला जवळची."

झालं, एवढाच विचार. थोरलीच्या पायांत बळ म्हणून ती फ्रेंच झाली, ओदील नाव पडलं. धाकटीला सदा खोकला म्हणून ती इंग्रज झाली, एस्ता. दोघींची आई धाकटीच्या पाठच्या बाळंतपणात गेली होती. एस्ताला पाठुंगळी घेऊन हिंडवायचं, तिचं नाक पुसायचं, तिच्या तोंडात कुस्करलेला तारोचा कंद घालायचं काम ओदीलचंच. रोज सकाळी ती आधी एस्ताला अलीकडच्या शाळेच्या फाटकात सोडायची, मग झगा कमरेशी खोचून पाण्यात उतरायची. पावसाळ्यात नदी छातीपर्यंत चढे. वह्या डोक्यावर धरून पलीकडे जायचं, ओल्या अंगाने दिवसभर बाकावर बसायचं.

ओदील हुशार निघाली, नुसती हुशार नव्हे, अशी की सिस्टर आगात तिला इतर वर्गांपुढे उभी करून वाचायला लावत. त्या शाळेत कुणी गावची भाषा बोलताना सापडलं की गळ्यात माशाच्या हाडांची माळ पडे आणि दुसरं कुणी सापडेपर्यंत ती घालूनच वावरावं लागे. ओदीलच्या गळ्यात ती पहिल्याच वर्षी दोनदा पडली, पुन्हा कधी पडली नाही. ती झोपेत बरळायची तीसुद्धा फ्रेंचमध्ये. बुले चटईवर पडल्या पडल्या ऐकायचा आणि खूश व्हायचा.

एस्ताचं डोकं बेताचंच होतं. पाढे म्हणताना ती मधलेच खाऊन टाकायची. "असू दे गं," बुले म्हणायचा, "एक हुशार आहे ना, बास झालं."

ओदीलची सहावी संपत आली त्या वर्षी देश स्वतंत्र झाला. निवडून आले ते बहुतेक इंग्रजी शाळांत शिकलेले. त्यातच उत्तरेच्या बेटावर बंड उठलं आणि त्यामागे फ्रेंचांची फूस आहे अशी बोलवा झाली. मग काय विचारता! नदीपलीकडून येणाऱ्या पोरांना अलीकडची पोरं चिखलाचे गोळे मारू लागली. "बंडखोर! बंडखोर!" काल त्यांच्याबरोबर खेकडे पकडणारीच ती पोरं. सिस्टर आगात एके दिवशी जहाजात बसून गेल्या. जाताना त्यांनी ओदीलच्या गालाचा मुका घेतला आणि म्हणाल्या, "तू काळजी करू नकोस, तुझी जागा पक्की आहे." राजधानीतल्या मोठ्या फ्रेंच शाळेतली जागा, असं त्यांना म्हणायचं होतं.

पुढच्या शाळेत कुणाकुणाला घेतलं त्यांची नावं रेडिओवर सांगायची पद्धत होती. त्या संध्याकाळी अख्खं गाव पाद्र्याच्या ओसरीवर जमलं. बुलेने एक कोंबडा आधीच कापून ठेवला होता. आधी इंग्रजी शाळांची नावं झाली. एस्ताही त्याच वर्षी परीक्षेला बसली होती, कारण तिच्या शाळेने एक वर्ग गाळून सगळ्यांनाच पुढे ढकललं होतं. नव्या सरकारला कारकून हवे होते आणि जागा वाढवल्या होत्या. तिचं नाव आलं. स्वतः एस्तालाच खरं वाटेना. लोक ओरडले, कुणी तिला उचलून घेतलं. ओदीलही नाचली.

मग निवेदक म्हणाला, "फ्रेंच शाळांतल्या विद्यार्थ्यांची नावं नंतर कळवण्यात येतील," आणि भजनं सुरू झाली.

ती नावं कधी कळवलीच नाहीत. दर संध्याकाळी ओदील ओसरीवर जाऊन बसे. पाद्र्याची बायको शेवटी वैतागून म्हणाली, "अगं, बॅटरी उतरते." मग एक साहेब होडीने आला आणि पलीकडच्या शाळेच्या पायरीवर उभा राहून त्याने सांगितलं की या किनाऱ्यावरचे फ्रेंचचे वरचे वर्ग बंद, राजधानीतल्या जागा कमी झाल्या आहेत, आणि ज्यांना शिकायचं असेल त्यांनी इंग्रजी शाळेत नाव घालावं. त्याला उन्हाचा त्रास होत होता. बोलणं उरकून तो लगेच होडीत जाऊन बसला.

बुलेने ओदीलला हाताला धरून अलीकडच्या शाळेत नेलं. मुख्याध्यापक मेलसुल सर गावातलेच, बुलेच्या नात्यातले. त्यांनी इंग्रजी पुस्तक तिच्या पुढ्यात सरकवलं. "वाच."

तिने वाचलं, पण फ्रेंच उच्चारांनी. सर हसले. "हिला दुसरीत बसवतो."

"दुसरीत?" बुले म्हणाला. "अहो, ही पलीकडे पहिली यायची."

"पलीकडे यायची. इथे तिला मांजराला काय म्हणतात तेही माहीत नाही."

चौदा वर्षांची ओदील सात-आठ वर्षांच्या पोरांत बसली. बाकाखाली तिचे गुडघे मावत नव्हते. एस्ताची राजधानीला जायची बोट यायला अजून अवकाश होता, आणि तोपर्यंत सरांनी तिला लहान वर्गांची मॉनिटर केलं होतं. एका सकाळी सर बाहेर गेले आणि पट्टी एस्ताच्या हातात आली. एकेकाने उठून वाचायचं, चुकेल त्याला हातावर एक. ओदीलची पाळी आली. पहिल्याच ओळीत ती अडखळली. पोरं एस्ताकडे बघू लागली.

"हात पुढे कर," एस्ता म्हणाली.

"एस्ता, मी आहे गं."

"हात पुढे कर, ताई. नाही तर हे सरांना सांगतील."

तिने मारलं. पहिला फटका हळू होता. पोरं म्हणाली, "हा नाही चालणार, हा नाही चालणार." दुसरा तिने नीट मारला. त्या दिवशी ओदीलने एक पान वाचलं आणि पानभर फटके खाल्ले. शेवटी शेवटी एस्ताला हसू येऊ लागलं होतं. पोरं हसत होती म्हणून असेल, भीतीने असेल, पण हसली ती. ओदील त्यानंतर शाळेत गेली नाही. बुलेने फारसा आग्रह केला नाही. म्हणाला, "तू हुशार आहेस, तुझं कुठेही निभेल. तिचं तसं नाही."

तर हुशार पोरगी नारळ फोडून खोबरं सुकवायला लागली. एस्ताची फी खोबऱ्यातून जात होती आणि खोबरं ओदीलच्या हातातून. सुकवणीच्या धुराने तिचे डोळे कायमचे लाल झाले. ती चटया विणायची, त्या लाल रंगात बुडवायची, आणि एस्ताच्या लग्नात मान राखला गेला तो आहेरात दिलेल्या त्याच चटयांनी. तिचं स्वतःचं लग्न एका ठिकाणी जवळजवळ ठरलं होतं, पण घरातलं काम कोण करणार म्हणून बुलेने ते लांबवलं, आणि लांबता लांबता तो माणूस दुसरीकडे अडकला.

एस्ता शिकली. रडतखडत, नापास होत होत, पण शिकली, कारण तिच्यासाठी दर वेळी पुढचं दार उघडं असायचं. शिक्षणखात्यात चिकटली, चढत गेली. नवरा केला तोही सरकारी, ॲलिक नावाचा, पांढराशुभ्र शर्ट घालणारा. मुलगी झाली तेव्हा तिने ओदीलला राजधानीत, पोर्ट व्हिलाला बोलावून घेतलं.

"परक्या बाईच्या हातात लेकरू कसं देऊ, ताई?" ती म्हणाली. "तू घरातलीच."

ओदील आली ती राहिलीच. फ्रेशवोटा वस्तीतल्या त्या घरात ती धुणं धुवायची, भाजी चिरायची, ॲलिकचे शर्ट कडक इस्त्री करायची. पाहुणे आले की एस्ता म्हणायची, "ही आमची घरकामाला असते." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ओदील ट्रे घेऊन दारातच थांबली. पुढे थांबेनाशी झाली.

पण ब्रेंडा होती. आमच्याकडे आईची बहीण म्हणजे आईच. ब्रेंडा तिला मोठी आई म्हणायची, आणि नुसती म्हणायची नाही. पोरगी लहानपणी भयंकर तोतरी. एक शब्द काढायला मान वाकडी व्हायची, डोळ्यांत पाणी यायचं. एस्ताला बघवायचं नाही, ती खेकसायची, "बोल ना पटकन!" ॲलिक नक्कल करायचा. ओदीलने काय केलं, तर पोरीला मांडीवर घेऊन ती तिच्याशी फ्रेंच बोलायला लागली. त्या भाषेत पोरीला कुणी रागावलेलं नव्हतं. हळूहळू, एकेक शब्द लांबवत, नारळ किसता किसता, दोघी बोलत राहिल्या. ब्रेंडाचं तोतरेपण आधी फ्रेंचमधून गेलं, मग बिस्लामातून, म्हणजे सगळ्या बेटांच्या मोडक्या इंग्रजीच्या बोलीतून, मग सगळीकडूनच.

एव्हाना वारं फिरलं होतं. दोन्ही भाषा येणाऱ्यांना वरच्या जागा असं सरकार म्हणायला लागलं. ज्यांनी एके काळी फ्रेंच वर्गांना कुलपं लावली, तेच साहेब आपापली पोरं फ्रेंच शाळांत घालू लागले. एस्तानेही ब्रेंडाला घातलं. पोरगी तिथे चमकली. एस्ता सगळ्यांना सांगायची, "रक्तातच असतं काही काही."

ब्रेंडा मोठी झाली तरी तिला आणायला ओदील रोज फाटकाशी जायची. तिथे एक दिवस तिला क्लेमाँस भेटली. नदीपलीकडच्या शाळेत तिच्या शेजारी बसणारी, अभ्यासात कायम मागे असलेली क्लेमाँस. हातात खडू, पायांत सँडल.

"तू इथे शिकवतेस?" ओदीलने विचारलं.

"लहानांना. फ्रेंच बोलणारी माणसं मिळत नाहीत ना आता."

"पण दहावी कुठे झालीस तू?"

"मी कुठची दहावी! खात्यातल्या साहेबाने शिफारस केली, घेतलं. तुला माहीत नाही? अगं, तुझी बहीणच तर त्या टेबलाशी बसते."

ओदील त्या दिवशी ब्रेंडाच्या पुढे पुढे चालत घरी आली. रात्रीच्या जेवणाला तिने लापलाप केलं होतं, किसलेला कंद पानात गुंडाळून भाजलेलं, एस्ताला आवडतं तसं, वरून दाट नारळाचं दूध सोडून. वाढून झाल्यावर ती तिथेच उभी राहिली.

"एस्ता, मला शाळेत लावून दे."

"कुठल्या शाळेत? झाडायला?"

"शिकवायला. लहानांना, फ्रेंच."

एस्ताने घास गिळला. "त्याला सर्टिफिकेट लागतं, ताई. नियम आहे."

"क्लेमाँसला कुठे होतं?"

"क्लेमाँसचं वेगळं आहे. तिच्यासाठी कुणीतरी शब्द टाकला होता."

"मग तू टाक माझ्यासाठी."

ॲलिक हसायला लागला. "मादाम ओदील! पहिल्या दिवशी पोरांना भांडी घासायला लावेल ही. मुलांनो, आजचा धडा, करपलेली कढई!" आणि त्याने कढई घासायची नक्कल केली, दात दाखवत, ओदीलसारखं एका खांद्याने वाकून. नक्कल हुबेहूब होती. ब्रेंडा फस्सकन हसली. सोळा वर्षांची पोर, हसू आलं, हसली. लगेच तोंडावर हातही धरला. पण ओदीलने बघितलं.

नंतर एस्ता स्वयंपाकघरात आली. "ताई, चिडू नकोस. खरं सांगू का? तू गेलीस तर मला बाई ठेवावी लागेल. बाया चोऱ्या करतात. तू करत नाहीस."

"तुला मी पाठीवर वागवलं, एस्ता."

"म्हणून तर गावात धुरात ठेवली नाही, इथे आणली. हे तरी आठव." तिने फ्रिजमधून पाणी घेतलं आणि दिवा मालवून गेली. ओदील भांडी घासत होती हे तिच्या लक्षातच आलं नाही.

त्यानंतर ओदीलने काही मागितलं नाही. तिचं काम तसंच चोख चालू राहिलं. ब्रेंडाला समुद्रापलीकडच्या नुमेआच्या फ्रेंच कॉलेजासाठी शिष्यवृत्ती मिळवायची होती. बेटांवरून मोजक्याच मुलांना बोलावलं होतं, आणि मुलाखत फ्रेंचमध्ये. ब्रेंडा रोज स्वयंपाकघरात ओट्यावर बसून भाषण म्हणून दाखवायची. ओदील ऐकायची, मान हलवायची. चुका नव्हत्याच फारशा.

मुलाखतीच्या सकाळी एस्ता गाडी काढायला गेली होती. ब्रेंडा नवा झगा घालून, केसांत फूल खोवून, धावत आत आली. "मोठी आई, एकदा शेवटचं ऐक ना. मला भीती वाटतेय."

तिने सगळं म्हणून दाखवलं. छान म्हटलं. ओदील तारो सोलत होती. सोलायची थांबली नाही.

"बोलू का मग अशीच?" ब्रेंडाने विचारलं.

"बोल. पण तुझं फ्रेंच ऐकलं की मला अजून हसूच येतं."

"हसू?"

"लहानपणी तोंड वाकडं करायचीस ना, तसंच करतेस अजून. तुला कळत नाही, समोरच्याला दिसतं. आम्ही घरातले म्हणून बोललो नाही कधी. ती माणसं परकी आहेत, तोंडावर नाही हसणार. तू बाहेर गेलीस की हसतील." आणि मग ओदीलने तोंड वाकडं करून, मान ताणून, एक शब्द अडकवून दाखवला. नक्कल तिलाही येत होती.

बाहेर एस्ताने हॉर्न वाजवला.

मुलाखतीच्या खोलीत ब्रेंडाने नमस्काराचा पहिला शब्द काढायला तोंड उघडलं आणि तो निघाला नाही. तिथल्या बाईंनी पाणी दिलं, थांबल्या, पुन्हा विचारलं. पोरीची मान वाकडी झाली, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, झग्यावर लाळ पडली. शेवटी त्याच बाईंनी तिला धरून बाहेर आणलं. गाडीत ती आईशीसुद्धा बोलू शकली नाही. घरी येऊन तिने कागदावर लिहून दाखवलं, मोठी आई काय म्हणाली ते.

एस्ता ओरडली नाही. दाराशी उभं राहून तिने एवढंच विचारलं, "का गं? तिने काय वाकडं केलं होतं तुझं?"

ओदीलला उत्तर होतं, पण ते ब्रेंडाबद्दल नव्हतं. खरं म्हणजे पोरीची गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हाच ती चप्पल न घालता रस्त्यापर्यंत धावली होती, हाका मारल्या होत्या. काचा वर होत्या.

आठवडाभरात एस्ताने चार फोन फिरवले आणि ब्रेंडासाठी सुवाच्या इंग्रजी कॉलेजात जागा झाली, वर सरकारी मदतही. ओदीलला जहाजात बसवलं ॲलिकने. तिची पिशवी डेकवर टेकवत तो म्हणाला, "बघ, तुझ्यामुळे काहीसुद्धा अडलं नाही." ब्रेंडा धक्क्यावर आली नाही.

गावात बुले अजून होता. डोळे गेलेले, दात गेलेले, जीभ शाबूत. ओदील त्याला भरवायची, धुवायची. संध्याकाळी पोरं त्याला धरून नकामालात नेत आणि तिथे तो ऐकेल त्याला सांगे, "मी त्या वेळी डोकं चालवलं. दोघींना एकाच शाळेत घातलं असतं तर? दोन्ही गेल्या असत्या वाया. आज माझी एस्ता खात्यात साहेब आहे."

"आणि थोरली?" कुणीतरी नवखा विचारायचा.

"थोरली आहे ना घरात. कुणी तरी लागतंच की घरात."

कुडापलीकडे त्याला न्यायला आलेली ओदील हे ऐकायची. मग आत जाऊन म्हणायची, "बाबा, चला." घरी येईपर्यंत त्याचा हात ती जरा जास्तच घट्ट धरायची. तो कळवळायचा, ती सैल करायची नाही.

बुले गेला तेव्हा एस्ता विमानाने आली, डुकरं आणि तांदळाची पोती मागून बोटीने आली. तिच्याबरोबर ब्रेंडाही होती. सुवाचं शिक्षण संपवून ती एका बँकेत लागली होती. मर्तिकाला आमच्याकडे आया आणि लेकी एका चटईवर बसतात. बायांनी ब्रेंडाला ओदीलच्या शेजारी आणून बसवलं. रीतच तशी, कुणी काही विचारलं नाही.

बाया रडत होत्या, मधूनच थांबून तंबाखू मागत होत्या. मग ओदीलने ब्रेंडाच्या हातावर हात ठेवला आणि अगदी हळू, पूर्वी मांडीवर घेऊन बोलायची त्या आवाजात, फ्रेंचमध्ये म्हणाली, "बाळ, त्या दिवशी मी..."

ब्रेंडाने हात काढून घेतला. बिस्लामात बोलायला तिला वेळ लागला. मान एका बाजूला खेचली गेली, शेजारच्या बाईने नजर दुसरीकडे वळवली.

"मो... मो... मोठी आई," ती म्हणाली. "त्या भा... भाषेत नको."

मग ती उठली आणि चटईच्या पलीकडच्या टोकाला एस्ताजवळ जाऊन बसली. रिकाम्या जागेवर शेजारच्या गावची एक जाडजूड बाई येऊन टेकली, आणि जेवण कधी वाढणार म्हणून ओदीलला विचारू लागली.